गुडघ्याची रेघ

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला पूर्वी साहेबाचे घोडे बांधत. त्याच तबेल्यातली एक खोली पुष्पलता रामटेकेला कामासाठी दिली होती. खोलीला एकच खिडकी, पण मोठी. बाहेर कडुनिंब. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर वाळू भरलेला पसरट लाकडी ट्रे. सकाळी नागपुरातल्या इंदोऱ्याहून सायकल मारत ती सदरला यायची, पदर खोचायची, साबणाने हात धुऊन कोरडे करायची आणि त्या वाळूपुढे उभी राहायची. खोलीत स्टूल होतं. त्याच्यावर तिचा डबा असायचा.

काम सोपं करून सांगायचं तर फुटलेलं जोडायचं. खापरीला खापरी चिकटवायची आणि वाळूत अशी खोचून ठेवायची, की वरच्या तुकड्याचं वजन नेमकं सांध्यावर यावं आणि सुकेपर्यंत काही हलू नये. चुकलं तर ॲसिटोनचा बोळा फिरवायचा. सांधा सुटतो, पुन्हा जोडायचं. जो तुकडा हरवलाय तिथे साधं प्लास्टर भरायचं आणि ते कोरं ठेवायचं. त्याच्यावर रंगवायचं नाही. हैदराबादला हे काम शिकायला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, की जोडणाऱ्याने आपल्या मनचं काही घालायचं नाही. हा एक नियम तिला बेहद्द आवडला होता. आयुष्यभर तिच्याबद्दल लोकांनी आपापल्या मनचंच घातलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्याअखेर तिच्या वाळूत एक ग्रीक घडा उभा राहत होता. रेल्वे बांधायला आलेला कोणी इंग्रज इंजिनियर बंगला आणि सामान मागे टाकून मेला. त्या सामानात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात कापूस आणि कापसात या खापऱ्या. अडीच हजार वर्षांच्या. संत्र्याची साल उन्हात वाळली की जो रंग येतो त्या रंगाची माती, आणि तिच्यावर काळ्या चकचकीत लेपात काढलेले दोन सैनिक. अंगावरच्या रेघा अणकुचीदार टोकाने खरवडून काढलेल्या, त्यामुळे काळ्यातून खालची माती दिसते. एक उभा, भाला उगारलेला. दुसरा एका गुडघ्यावर आलेला, डाव्या हाताने ढाल वर धरलेली. भाल्याचं टोक ढालीच्या काठावरून त्याच्या गळ्याशी पोचलेलं. दोघांच्या डोक्यावर लोखंडी टोपासारखं काहीतरी, त्यातून दिसतो तो फक्त एकेक डोळा.

संग्रहालयाचा शिपाई ईश्वरदास पराते. उमरेडच्या विणकराच्या घरातला, हातमाग बंद पडला म्हणून इकडे आलेला. त्याने पहिल्याच दिवशी दोघांना नावं दिली होती, वरचा आणि खालचा.

"खालचा गेला म्हना नं बाई," तो चहा ठेवताना म्हणाला होता. मग डोळे बारीक करून बघत, "पन पाठ टेकली नाई अजून. आमच्या आखाड्यात याले हारला नसते म्हनत. कुस्ती चालूच हाय."

"भाऊ, हा आखाडा नाही. भाला आहे गळ्याशी."

"तं काय झालं? पाठ टेकली का? नाई नं?"

पुष्पलता हसली होती. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

*

संग्रहालय एका ट्रस्टचं, आणि ट्रस्टच्या वतीने सगळं बघायचे मधुकरराव. मधुकरराव वाईट माणूस नव्हते असं सदरमध्ये अजूनही सांगतात. ते कधी ओरडले नाहीत, कोणाला शिवी दिली नाही. ते गोड बोलून वाकवत. अशा माणसाला सज्जन म्हणायची या शहराला जुनी खोड आहे.

नवरात्र बसायच्या आधी ते तिच्या खोलीत आले.

"पुष्पलता, दसरा झाला की बैठक आहे. तुझं कायमचं करून टाकू. मी बोललोय सगळ्यांशी."

तिच्या हातातली चिमटी थांबली. माय मिलमधून घरी बसली होती, छाती साथ देत नव्हती. घरातली चूल या नोकरीवर पेटत होती आणि नोकरी दर काही महिन्यांनी पुन्हा मागावी लागत होती.

"थँक यू, सर."

"थँक यू कसलं, तू घरचीच. एकच कर. खंडेनवमीला घडा पुरा हवा. सगळे ट्रस्टी येणार. दरवर्षी आपण तलवारी पूजतो, यंदा हा जोडलेला वीरसुद्धा पाटावर मांडू. आणि तू जोडलास, तर पहिलं कुंकू तूच लावायचंस. गुडघे टेकून नमस्कार. दोन मिनिटांचं काम." ते हसले. "काय आहे, लोक म्हणतात, ही माणसं आपलं काही पाळत नाहीत. त्यांची तोंडं बंद होतील. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"कुंकवाने माती खराब होते, सर. मागच्या वर्षी तुम्ही वरच्या सैनिकाच्या खापरीला लावलं होतं. डाग अजून आहे."

"मग तो तू काढशीलच."

"आणि पूजा त्याची एकट्याचीच?"

"म्हणजे काय? उभा तो वीर, पडला तो असुर. यात समजायचं काय?"

"दोघांचे टोप सारखे आहेत. ढाली सारख्या आहेत. एकाच गावचे असतील."

मधुकररावांनी घड्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "पण एक खाली आहे ना?" एवढं म्हणून ते गेले.

तिने त्याच दुपारी तो डाग काढला. कापूस ओला करून, रेघेरेघेतून, हळूहळू. तेलकट कुंकू खरवडलेल्या रेघांत घट्ट बसलं होतं. बोळे गुलाबी होत गेले. वरच्याचं कपाळ स्वच्छ झालं तेव्हा तिला उगाच वाटलं, की खोलीत कोणीतरी कोंडलेला श्वास सोडला. बाहेर कडुनिंब हलला असेल. तिने हात धुतले आणि घरी गेली.

*

दुसऱ्या दिवशी सांधा चुकलेला होता.

खालच्या सैनिकाच्या मांडीतून एक मोठी फूट गेली होती. धड आणि ढाल एका खापरीवर, गुडघा आणि पोटरी दुसरीवर, गुडघ्याशेजारी हरवलेल्या तुकड्याच्या जागी कोरं प्लास्टर. हा सांधा तिने आदल्या आठवड्यात जोडलेला. मांडीची रेघ या खापरीवरून त्या खापरीवर सरळ उतरत होती, तिने भिंग लावून खात्री केली होती. आता ती जुळत नव्हती. वरची रेघ थोडी वर सरकली होती. चाकूचं पातं जाईल एवढीच.

तिला आपलाच राग आला. सांधा सोडवला, कडा घासून पुसल्या, पुन्हा जोडलं. फुटलेल्या मातीच्या दोन कडा खऱ्याखुऱ्या जागी बसल्या की बारीक आवाज येतो, दात दातावर बसल्यासारखा. तो आला. म्हणजे माती बरोबर बसली होती. रेघ मात्र आता आणखी वर होती.

माती जुळते आणि चित्र जुळत नाही, असं होऊ शकत नाही. माणसाने मातीवर आधी चित्र काढलं, मग घडा भाजला, मग तो कधीतरी फुटला. फुटताना चित्र आणि माती एकत्रच फुटतात. तिने तिसऱ्यांदा सोडवलं, तिसऱ्यांदा जोडलं. मग भिंग ठेवून दिलं आणि पडवीत गेली.

पडवीच्या भिंतीवर खापऱ्यांचा फोटो टांगलेला होता, डबा उघडला तेव्हा काढलेला. फोटोत खालच्याचा गुडघा चित्रातल्या जमिनीच्या पट्टीवर सपशेल टेकलेला होता.

ती परत आली. घड्यावरचा गुडघा पट्टीच्या वर होता. मधून नारिंगी माती दिसत होती, नखाच्या कडेएवढी.

"ईश्वरदासभाऊ, इकडे या जरा."

तो आला, वाकला, बराच वेळ बघत राहिला. त्याच्या तोंडाला दुपारच्या सावजी रश्श्याचा वास येत होता. त्या वासाच्या खालून तिला दुसराच एक वास आला. तुडवलेली धूळ आणि तापलेलं लोखंड.

"बाई," तो हळू म्हणाला, "हा उठून राहिला."

"काहीतरी बोलू नका."

"मी कायले बोलू? तुमीच पाहा नं." त्याने बोट दाखवलं, पण घड्याकडे नाही, वाळूकडे. खालच्याच्या बाजूला वाळूत एक खळगा पडला होता, चिंचोक्याएवढा. त्याच्या तळाची वाळू दाबून घट्ट झालेली. जोर लावून उठताना गुडघ्याखाली माती दबते, तशी.

तिने ब्रश घेऊन वाळू सारखी केली. सकाळी खळगा पुन्हा होता.

*

मायला तिने घड्यावर काय घडतंय ते सांगितलं नाही. नोकरीचं सांगितलं.

भागीरथा जुन्या दोऱ्यांनी वाकळ शिवत दारात बसली होती. सुई थांबली नाही. "गुडघे टेकून?"

"हो."

"कोनासमोर?"

"मडक्यासमोर, माय."

"मडक्यासमोर कोनी नाई टेकवत वं पुष्पे. बघनाऱ्यासमोर टेकवते."

पुष्पलताच्या बापाची, धोंडबाची आठवण दोघींना एकदमच झाली, पण नाव कोणी घेतलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यानंतरच्या उन्हाळ्यात, उमरेडकडच्या गावी, धोंडबाने मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मेलेला बैल ओढायला नकार दिला होता. त्याला मालगुजाराच्या ओट्यापुढे उन्हात गुडघ्यावर बसवलं. गाव जमून बघत होतं. पुष्पलताही, मायचं लुगडं मुठीत धरून. ऊन कललं तरी कोणी ऊठ म्हटलं नाही. मग धोंडबा आपणच उठला. धोतराची माती झटकली, ओट्याकडे पाठ केली आणि चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड नागपूरच्या वाटेला लागलं. पुढे नागपुरात कोणी तो विषय काढलाच तर तो एवढंच म्हणायचा, "मले कोनी उठवलं नाई. मी उठलो."

"बाबा असता तर काय म्हणाला असता?"

"तो?" भागीरथाने दोरा दाताने तोडला. "तो म्हनला असता, मले काहून विचारून राहिली? उभी हायेस नं?"

"नोकरी जाईल."

"जाईल तं जाईल. मी काय मरून राहिली का लगेच?" आणि तिला खोकल्याची उबळ आली, अशी की बराच वेळ थांबली नाही. पुष्पलता पाणी घेऊन उभी राहिली. माय बोलली ते खरं होतं आणि खोकलाही खरा होता.

*

अष्टमीच्या आदल्या दिवशी मधुकरराव घडा बघायला आले. तोवर खालच्याचा गुडघा पट्टीपासून बोटभर वर गेला होता. मागचा पाय ताठ, पाठ सरळ होत आलेली, ढाल वरच्याच्या छातीला भिडलेली. भाल्याचं टोक गळ्यावरून सरकून खांद्याच्या वर हवेत गेलं होतं. पुष्पलताने आता सांधे सोडवणं बंद केलं होतं. मातीला माती बरोबर बसत होती. तिचं काम तेवढंच होतं.

मधुकररावांनी या वेळी नीट पाहिलं. मग पडवीत जाऊन फोटो पाहिला. परत आले तेव्हा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"हे तू रंगवलंस."

"नाही, सर."

"अडीच हजार वर्षांचं चित्र आपणहून बदलतं?"

"ते मला माहीत नाही. मी ब्रशला रंग लावलेला नाही. भिंग घ्या, लेप तपासा."

"मला तपासायची गरज नाही. तुमच्या लोकांच्या डोक्यात हल्ली काय चाललंय ते कळतं मला. मोर्चे काढा, कविता करा, काय हवं ते करा. पण बापजाद्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"कोणाच्या बापजाद्यांच्या, सर? हे ग्रीस देशातलं आहे."

त्यांच्या मानेवर लाल चढलं, पण ते हसले. "हे बघ. गुडघ्याशेजारी तुकडा हरवलाय, तिथे तू प्लास्टर भरलंयस. त्या प्लास्टरवर रंग दे. मांडी खाली घे, गुडघा जमिनीला टेकव. फोटोत आहे तसं. ट्रस्टींनी येऊन बघायच्या आत त्याला खाली बसव. मग मी कोणाला काही सांगणार नाही. खंडेनवमीला कुंकू लाव, नमस्कार कर, कायमची हो. नाहीतर वस्तू बिघडवली म्हणून घरी जाशील, आणि मग या देशातलं कुठलं संग्रहालय तुला दारात उभं करतं ते बघू."

दारात ईश्वरदास चहा घेऊन आला होता. मधुकरराव निघून गेल्यावर तो आत आला आणि ट्रे ठेवायला जागा शोधत राहिला.

"बाई, मी सुट्टी टाकून राहिलो. उमरेडले जातो. लेकीकडं."

"खंडेनवमीला पाट कोण उचलेल?"

"तेच तं." तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "मले भेव त्याचं नाई लागत, बाई. तो उठते तं उठू दे. पन वरच्याकडं पाहा एकदा. इतके दिवस तो खाली पाहे."

तिने पाहिलं. वरच्याचा डोळा टोपाच्या फटीतून समोर बघत होता. दाराकडे. मधुकरराव गेले त्या दिशेला.

तिने त्या दिवशी प्लास्टरला रंग लावला नाही. बाटली उघडली, ब्रश बुडवला, टेबलाशी उभी राहिली. खोकला आठवला. घराच्या कौलातून गळणारं पाणी आठवलं. कोऱ्या प्लास्टरवर एक काळी रेघ, बस. कोणालाही कळलं नसतं. मग तिने ब्रश धुतला. प्लास्टर कोरं राहिलं.

*

खंडेनवमीला दिवाणखान्यात सतरंजी घातली होती. पाटावर तलवारी, दोन कट्यारी, संग्रहालयाच्या किल्ल्यांचा जुडगा, टाइपरायटर, माळ्याची कात्री. सगळ्याला झेंडू. आणि मधोमध घडा. ईश्वरदास सुट्टीवर गेला नव्हता. त्यानेच घडा उचलून आणला होता आणि आता भिंतीला पाठ लावून उभा होता.

ट्रस्टी मंडळी आली, खुर्च्यांत बसली. कोणी घड्याकडे जवळून पाहिलं नाही. पाटावरची वस्तू जवळून कोणी बघत नाही, लांबूनच हात जोडतात. मधुकररावांनाही आता ते माहीत होतं. त्यांनी झेंडूची माळ अशी टाकली होती, की खालचा तिच्याआड जावा.

"ही आमची पुष्पलता," ते म्हणाले. "हिनेच जोडला. ये बेटा. कुंकू घे."

करंडा तिच्यासमोर आला. खिडकीतून ऊन पाटावर पडलं होतं. उदबत्तीचा धूर, झेंडूचा उग्र वास आणि त्या दोन्हींच्या खालून धूळ आणि तापलेलं लोखंड.

"नाही," ती म्हणाली.

खुर्च्यांत चुळबुळ झाली.

"काय नाही?"

"कुंकू लावणार नाही. गुडघे टेकणार नाही. घडा जोडणं माझं काम होतं, ते केलंय. त्याच्यावर मी काही रंगवलं नाही आणि रंगवणारही नाही."

"पुष्पलता, सगळे बघतायत."

"बघू देत. म्हणूनच नाही म्हणते."

कोणीतरी खाकरलं. मधुकरराव ट्रस्टींकडे वळून हसले, लहान मुलाच्या खोडीवर हसावं तसे. "आजकालच्या मुली. असू दे. मी लावतो."

ते सतरंजीवर आले. धोतर सावरून एक गुडघा टेकला. अनामिका कुंकवात बुडवली आणि हात वरच्याच्या कपाळाकडे नेला.

झेंडूची माळ घसरली.

तिला कोणी ओढली नव्हती. ती ओघळून पाटावर पडली आणि खालचा दिसला.

तो उभा होता.

दोन्ही पाय जमिनीच्या पट्टीवर. उंची वरच्याएवढीच.

मधुकररावांचं बोट हवेत थांबलं. कुंकवाचा एक थेंब पाटावर पडला. मग त्यांचा डावा हात आपोआप वर आला, कोपरात वाकला आणि छातीसमोर राहिला. काहीतरी जड धरल्यासारखा.

"मधुकरराव?"

त्यांची मान हळूहळू मागे गेली.

"अहो, उठा."

"उठता येत नाही," ते म्हणाले. आवाज अजूनही मऊ होता.

खुर्चीतला एक जण हसला. मग हसला नाही.

ईश्वरदासने त्यांना काखेतून धरून उचललं. ते उचलले गेले, पण गुडघा तसाच वाकलेला राहिला आणि हात तसाच वर. मोटारीत घालताना दार नीट लागेना.

*

दसऱ्याला पुष्पलता मायला घेऊन दीक्षाभूमीच्या मैदानावर गेली. भंडाऱ्याकडून, वर्ध्याकडून ट्रकच्या ट्रक येत होते. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, डोक्यावर शिदोरी. उन्हात धूळ उडत होती. भागीरथा गर्दीत खोकत होती आणि थांबायला तयार नव्हती. एकदा तिने लेकीच्या हाताला धरलं आणि विचारलं, "नाई म्हनलीस?" पुष्पलताने मान हलवली. माय पुढे चालू लागली.

सुट्टी संपल्यावर ती कामावर गेली. घडा कोणीतरी परत तिच्या टेबलावर आणून ठेवला होता, कापड टाकून. खोलीकडे कोणी फिरकत नव्हतं. दुपारी फाटकाशी सायकलरिक्षा थांबली आणि गोपिकाबाई उतरल्या. मधुकररावांच्या पत्नी. पुष्पलताने त्यांना हळदीकुंकवाच्या गर्दीत लांबूनच पाहिलेलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने स्टुलावरचा डबा उचलला. त्या बसल्या नाहीत.

"डॉक्टरांना काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "हाड धड आहे, शीर धड आहे. तरी पाय सरळ होत नाही. भिंतीला टेकून बसवतो. झोपेतसुद्धा हात असाच वर." त्यांनी तो हात करून दाखवला आणि लगेच खाली घेतला. "मान पुढे करत नाहीत. गळ्याशी काहीतरी टोचतंय म्हणतात. पाणी वरून ओतावं लागतं."

पुष्पलताने डबा खिडकीत ठेवला.

"ट्रस्टी म्हणाले, तू फक्त ते आधीसारखं करून दे. त्याच दिवशी तुझं कायमचं होईल. मीही समोर राहीन."

"आणि ते स्वतः काय म्हणाले?"

गोपिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"नेमकं काय म्हणाले, बाई?"

"म्हणाले, त्या पोरीला सांग, त्याला खाली बसव."

ॲसिटोनची बाटली हाताशी होती. बोळा होता, ब्रश होता, काळा रंग होता. समोरची बाई वाईट नव्हती. तिला नवऱ्याच्या घशात नीट पाणी जायला हवं होतं, एवढंच. पुष्पलताचा हात बाटलीपर्यंत गेलाही. झाकणावर बोटं ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

"माझ्या बापाला एकदा असं बसवलं होतं," ती म्हणाली. "गावासमोर. त्याला उठवायला कोणी दुसऱ्याला खाली बसवलं नाही. तो आपणच उठला. साहेबांना सांगा, मी त्यांना बसवलेलं नाही. कोणालाच बसवणार नाही. उठायला ते मोकळे आहेत."

"ते मोकळे नाहीत, मुली. मी बघते ना रोज."

"मग कोणी धरलंय, ते त्यांनाच विचारा."

गोपिकाबाई दाराशी जाऊन वळल्या. "मी माझ्यासाठी मागितलं असतं तर केलं असतंस?"

"तुम्ही मागितलं नाहीत. निरोप आणलात."

रिक्षाची घंटी वाजली आणि लांब गेली.

पुष्पलताने तिची चिमटी, तिचे ब्रश, तिचं भिंग पिशवीत भरलं. काढून टाकल्याचा हुकूम यायची वाट बघण्यात तिला रस नव्हता. ईश्वरदास दारात येऊन उभा राहिला.

"चाललात, बाई?"

"हो, भाऊ."

"याले कोन पाहीन मग?"

"त्याला बघायला कोणी लागत नाही आता."

जाताना तिने घड्यावरचं कापड नीट करायला म्हणून उचललं. उन्हं तिरकी आली होती. माती उजळून निघाली होती. खालचा उभा होता, ढाल सैल, दोन्ही पाय घट्ट रोवलेले. इथली माणसं त्याला अजून खालचाच म्हणत होती.

समोर वरचा. तोही उभा. उगारलेला हात तसाच होता, बोटं तशीच मुठीत आवळलेली. मुठीच्या पुढे आणि मागे नुसती नारिंगी माती होती. कोरी, गुळगुळीत, कधीच काही काढलं नसल्यासारखी.

भाला तिथे नव्हता.